पीएचपी सांभाळणारी माणसं

28 मार्च 2021, रविवार. आपल्याकडे त्या दिवशी होळी होती. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मूळ कोडमध्ये त्या दिवशी एक छोटासा बदल जमा झाला. नोंदीवर नाव होतं रासमस लेर्डॉर्फ यांचं, म्हणजे खुद्द भाषेच्या जन्मदात्याचं. बदलाचं कारण दिलं होतं: टायपो दुरुस्त केला.

जमा झालेला कोड नंतर डोळ्यांखालून घालायची पीएचपीवर काम करणाऱ्यांची शिस्त आहे. वाचणाऱ्यांना त्यात टायपोपेक्षा बरंच काही दिसलं. ब्राउझर सर्व्हरशी बोलताना 'यूजर-एजंट' नावाच्या एका ओळीत स्वतःची ओळख देतो. नव्या कोडमध्ये ती ओळ शोधताना शेवटचा 'टी' दोनदा लिहिला होता. अशी चुकीच्या स्पेलिंगची ओळ कुणी पाठवली आणि तिची सुरुवात 'झीरोडियम' या अक्षरांनी झाली, की त्यापुढे जे काही लिहिलं असेल ते सर्व्हर मुकाट्याने चालवणार होता. हा कोड पुढच्या आवृत्तीत गेला असता, तर ती आवृत्ती बसवलेल्या प्रत्येक वेबसाइटची किल्ली एका अनोळखी माणसाच्या खिशात पडली असती. काही तासांतच तो बदल काढून टाकला. थोड्या वेळाने तोच बदल पुन्हा आला, आता पीएचपीचे एक प्रमुख प्रोग्रॅमर निकिता पोपोव यांच्या नावावर.

लेर्डॉर्फ आणि पोपोव यांचा या दोन्ही बदलांशी काही संबंध नव्हता. आधी सर्व्हरच फोडला गेला असावा असं वाटलं. नंतरच्या तपासात, सभासदांचे पासवर्ड ठेवलेला डेटाबेस बाहेर गेला असण्याची शक्यता पुढे आली. तो डेटाबेस ज्या यंत्रणेवर होता ती जुनाट होती. ती सांभाळण्याचं काम स्वयंसेवक आपापल्या फावल्या वेळात करत होते. घातक कोड एकाही प्रसिद्ध आवृत्तीपर्यंत पोचला नाही आणि पीएचपीचा सगळा मूळ कोड लगोलग गिटहबवर हलवण्यात आला. पण या प्रसंगाने एक प्रश्न उघडा पडला: हे सगळं सांभाळतं तरी कोण?

प्रश्न किती मोठा आहे हे कळायला पीएचपी कुठे कुठे चालते ते पाहावं लागेल. ज्या वेबसाइटची सर्व्हरवरची भाषा ओळखता येते, अशा साइट्सपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त साइट्स पीएचपीवर आहेत. जगातल्या एकूण वेबसाइट्सपैकी चाळीस टक्क्यांच्या वर ज्या वर्डप्रेसवर चालतात ते वर्डप्रेस पीएचपीत लिहिलेलं आहे. विकिपीडियामागचं मीडियाविकीही पीएचपीतच आहे, त्यामुळे मराठी विकिपीडियावर कुणी एखाद्या लेखात वेलांटी सुधारतं तेव्हा ती सुधारणा पीएचपीच्याच हातून जाते. कॉलेजांचं मूडलही पीएचपीतलंच. आपल्याकडच्या बीसीए, बीसीएसच्या किती तरी मुलांनी शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट झॅम्प हे सॉफ्टवेअर बसवून याच भाषेत केलं आणि त्यावर पहिली नोकरी धरली. नावाजलेल्या कंपन्यांत या भाषेकडे नाक मुरडायची एक रीत आहे. मला ती रीत कधीच पटलेली नाही. छोट्या गावातल्या वाचनालयाला, पतसंस्थेला, दिवाळी अंकाला स्वस्तातल्या होस्टिंगवर स्वतःची वेबसाइट उभी करता आली, ती याच भाषेमुळे.

सुरुवात अगदी घरगुती होती. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या, कॅनडात शिकलेल्या लेर्डॉर्फ यांनी 1994 मध्ये आपला ऑनलाइन बायोडेटा कोण कोण पाहतं हे मोजायला सी भाषेत काही छोटे प्रोग्रॅम लिहिले. 8 जून 1995 रोजी ते त्यांनी सगळ्यांसाठी खुले केले. पुढे हैफाच्या टेक्निऑनमध्ये शिकणाऱ्या झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स या दोघांनी भाषेचा गाभा नव्याने लिहिला. 1998 मध्ये आलेली पीएचपी 3 त्यातूनच तयार झाली.

आराखडा आखून कुणी ही भाषा बसवली नाही, ती वापरातून वाढली, आणि त्याच्या खुणा तिच्या अंगावर आहेत. मोठ्या मजकुरात छोटा तुकडा शोधायचा असेल तर आधी मजकूर द्यायचा आणि मग तुकडा. यादीत एखादी गोष्ट शोधायची असेल तर आधी ती गोष्ट आणि मग यादी. वर्षानुवर्षं काम केलेली माणसंही इथे क्षणभर थबकतात. ही विसंगती एका दिवसात दूर करता येईल, पण मग त्या दिवशी लाखो साइट्स बंद पडतील. म्हणून पीएचपीतली दुरुस्ती म्हणजे खालच्या मजल्यावर बिऱ्हाड नांदत असताना वरचा मजला पाडून नवा बांधण्यासारखी आहे. आधी एखादी पद्धत कालबाह्य झाल्याची सूचना द्यायची, काही वर्षं थांबायचं, आणि मुख्य आकडा बदलेल तेव्हाच ती काढायची. डेटाबेसशी बोलणारी 'मायएसक्यूएल_' ही जुनी फंक्शन्स 2015 मध्ये पीएचपी 7 आली तेव्हाच गेली.

निर्णय मतदानाने होतात. ज्याला बदल हवा त्याने सविस्तर प्रस्ताव लिहायचा, त्यावर किमान दोन आठवडे चर्चा, मग मतदान, आणि दोन तृतीयांश मतं पडली तरच बदल मंजूर. पायथन या दुसऱ्या भाषेत गुइडो व्हॅन रॉसम यांचा शब्द 2018 पर्यंत अखेरचा होता. पीएचपीत असं पद कधी नव्हतंच. लेर्डॉर्फ यांचं मत इतरांसारखंच, एक.

याचं ताजं उदाहरण म्हणजे पाइप. कुणी फॉर्ममध्ये नाव भरलं की कडेची मोकळी जागा काढायची, अक्षरं छोटी करायची, मग नको ती चिन्हं गाळायची. आधी ही तीन कामं एकमेकांच्या पोटात कंस घालून लिहावी लागत, म्हणजे सगळ्यात आधी व्हायचं काम सगळ्यात आत आणि वाचायचं आतून बाहेर. पाइपमुळे तीच कामं डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने होतात त्याच क्रमाने लिहिता येतात. ही कल्पना पहिल्यांदा 2016 मध्ये मांडली गेली. 2021 मध्ये ती नव्या रूपात आली आणि मतदानात पडली. लॅरी गारफील्ड यांनी ती सोडली नाही, आणि 20 नोव्हेंबर 2025 रोजी आलेल्या पीएचपी 8.5 मध्ये पाइप आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळकाढूपणा वाटेल. ज्या भाषेवर इतक्यांचं पोट आहे, तिने असं सावकाश, विरोधकांना पटवत पुढे जावं हेच मला योग्य वाटतं.

पण मतं देणारे पुष्कळ असले, तरी मूळ सी कोडमध्ये हात घालू शकणारे थोडेच होते. मे 2021 मध्ये जो वॉटकिन्स या जुन्या सहकाऱ्याने ते उघडपणे लिहिलं. भाषेचे काही भाग पूर्णपणे समजणारी माणसं कदाचित दोनच आहेत, आणि उद्या ती दोघं नसतील तर काम अडेल, असा त्याचा आशय होता. ते दोघे म्हणजे दिमित्री स्तोगोव आणि निकिता पोपोव. पोपोव 2011 पासून, शाळेत असल्यापासून, पीएचपीत काम करत होते. पीएचपी 7 जवळजवळ दुप्पट वेगाने धावू लागली, त्यामागे स्तोगोव आणि शिनचेन हुई यांच्याबरोबर त्यांचाही हात होता. 2019 पासून जेटब्रेन्स ही कंपनी त्यांना याच कामाचा पगार देत होती. 2021 च्या अखेरीस त्यांनी ती नोकरी सोडून एलएलव्हीएम या दुसऱ्या प्रकल्पाकडे जायचं ठरवलं.

त्यांना दोष कुणी दिला नाही, आणि द्यायला नकोच. दहा वर्षं एका कामात घातलेल्या माणसाला दुसरं काही करावंसं वाटणं साहजिक आहे. पण एका माणसाने नोकरी बदलली म्हणून जगातल्या निम्म्याहून अधिक वेबसाइट्सनी काळजीत पडावं, ही व्यवस्था निकोप नव्हती. 22 नोव्हेंबर 2021 रोजी जेटब्रेन्सने पोपोव यांच्या जाण्याची बातमी दिली, आणि त्याच निवेदनात पीएचपी फाउंडेशनची घोषणा केली. वर्डप्रेसवाली ऑटोमॅटिक, लाराव्हेल, सिम्फनी, झेंड अशा या भाषेवर धंदा करणाऱ्या कंपन्या एकत्र आल्या. जेटब्रेन्सने वर्षाला एक लाख डॉलर कबूल केले. शेकडो प्रोग्रॅमरही आपापल्या परीने दरमहा पाच-दहा डॉलर टाकू लागले. जमाखर्च ओपन कलेक्टिव्ह या साइटवर कुणालाही पाहता येतो.

फाउंडेशनने एक मर्यादा आपणहून पाळली, आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ते प्रोग्रॅमरना पगार देतं, पण भाषा कुठल्या दिशेने जावी हे ठरवत नाही. पगारी माणसाचा प्रस्तावही त्याच मतदानातून जातो आणि तिथे पडूही शकतो. जास्त पैसे देणाऱ्या कंपनीला जास्त मतं नाहीत.

आज दहाएक प्रोग्रॅमर फाउंडेशनच्या पैशावर काम करतात, कुणी पूर्णवेळ, कुणी अर्धवेळ. त्यांच्या कामातला मोठा भाग बातमीत यावा असा नसतोच. आलेल्या तक्रारी वाचणं, दुसऱ्याने पाठवलेला कोड तपासणं, सुरक्षेतली भोकं बुजवणं. जर्मन सरकारच्या पाठबळावर चालणाऱ्या सॉव्हरिन टेक फंडाने मदत केली आणि त्यातून क्वार्क्सलॅब या फ्रेंच कंपनीने मूळ कोडच्या महत्त्वाच्या भागांची सुरक्षा तपासणी केली. 2025 मध्ये अहवाल आला. त्यातल्या 27 निष्कर्षांपैकी 17 सुरक्षेशी संबंधित होते. असं काम फावल्या वेळात होत नाही. त्यासाठी सकाळी बसून संध्याकाळपर्यंत तेच करणारी माणसं लागतात.

एक दुखणं मात्र फाउंडेशनच्या हातात नाही. आता प्रत्येक आवृत्तीला दोन वर्षं पूर्ण आणि पुढे दोन वर्षं फक्त सुरक्षेपुरता आधार मिळतो. पीएचपी 7.4 चा आधार नोव्हेंबर 2022 मध्येच संपला, 8.1 चा 31 डिसेंबर 2025 रोजी. तरीही जुन्या आवृत्त्यांवरच्या साइट्स सर्रास दिसतात, कारण साइट करून देणारा मुलगा केव्हाच दुसऱ्या शहरात गेलेला असतो आणि 'चालतंय ना, मग हात कशाला लावा' असं ठरलेलं असतं. एखादी साइट ज्यांच्या नावावर आहे त्यांनी होस्टिंगच्या पॅनेलवर आवृत्तीचा आकडा आज बघावा, एवढी माझी मनापासून विनंती आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांचा या भाषेशी एक जुना हिशोबही आहे. पीएचपी मजकुराकडे बाइट्सची माळ म्हणून बघते. 'विठ्ठल' हा शब्द घ्या. स्ट्रलेन या साध्या फंक्शनला त्याची लांबी विचारली तर उत्तर येतं 18, कारण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट्स घेतं. एमबी_स्ट्रलेन हे दुसरं फंक्शन सांगतं 6: व, वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना अक्षरं दिसतात तीन. बातमीचं शीर्षक पहिल्या शंभर बाइट्सवर कापलं की शेवटी चौकोनातलं प्रश्नचिन्ह येतं, ते यामुळेच. मराठी साइट्सवर ते प्रत्येकाने पाहिलेलं आहे.

हे मुळापासून सुधारायचा एक भव्य प्रयत्न झाला होता. आंद्रेई झमियेव्स्की यांच्या पुढाकाराने 2005 मध्ये पीएचपी 6 चं काम सुरू झालं. सगळा मजकूर आतून यूटीएफ-16 मध्ये ठेवायचा, म्हणजे जगातली कोणतीही लिपी आपोआप चालेल. पण त्यामुळे मेमरी जास्त लागू लागली, प्रत्येक दारावर रूपांतर करावं लागू लागलं, आणि ते समजून लिहिणारी माणसं मोजकीच निघाली. मार्च 2010 मध्ये काम थांबवलं. तोवर बाजारात पीएचपी 6 ची पुस्तकंसुद्धा छापून आली होती! म्हणून पुढची मुख्य आवृत्ती थेट 7.

त्या अपयशानंतर जे घडतंय ते छोट्या छोट्या पावलांनी. ग्राफीम_स्ट्रलेन हे फंक्शन माणसाला दिसणारी अक्षरं मोजतं. 'विठ्ठल'साठी त्याचं उत्तर तीन की चार, हे सर्व्हरवरची आयसीयू लायब्ररी किती नवी आहे यावर ठरतं, कारण देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये 2023 च्या 15.1 आवृत्तीत आला. पीएचपी 8.4 मध्ये मजकूर अशा अक्षरांमध्ये सुटा करणारं फंक्शन आलं. 8.5 मध्ये दोन शब्दांतला फरक अक्षरांत मोजणारंही आलं. कुणी शोधपेटीत 'विठ्ठल'ऐवजी 'विठल' लिहिलं, तर बाइट्सच्या जुन्या मापाने हे दोन शब्द एकमेकांपासून सहा पावलं दूर पडतात आणि शोध हात हलवत परत येतो. नव्या मापाने ते एकाच पावलावर आहेत.