अस्तंब्याचा अश्वत्थामा आणि टॉल्किनची अंगठी: शक्तिशाली वस्तू माणसाला का बिघडवते?

दिवाळीत हजारो भाविक सातपुड्यातला अस्तंबा डोंगर चढतात. आज तो नंदुरबार जिल्ह्यात आहे, पण १९९८ पर्यंत हा भाग धुळे जिल्ह्यातच होता. इथले अस्तंबा ऋषी म्हणजेच अश्वत्थामा, अशी श्रद्धा आहे. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो अजून सातपुड्यात फिरतो, असं म्हणतात.

ही जखम आली कुठून?

महाभारताच्या सौप्तिक पर्वात उत्तर आहे. अश्वत्थाम्याने एकदा कृष्णाकडे सुदर्शन चक्र मागितलं. कृष्ण म्हणाला, घे. त्याला ते हलवताही आलं नाही. कशासाठी हवं होतं? तुझ्याशीच लढून अजिंक्य व्हायला, असं त्याने सांगून टाकलं.

ब्रह्मशिर अस्त्र मात्र त्याच्याकडे होतं. माणसांवर वापरू नकोस, असं वडील द्रोणांनी बजावलं होतं. तरी त्याने ते सोडलं. उत्तरादाखल अर्जुनानेही सोडलं. ऋषी मध्ये पडल्यावर अर्जुनाने आपलं अस्त्र मागे घेतलं, अश्वत्थाम्याला ते जमेना. त्याने ते उत्तरेच्या गर्भावर वळवलं. शिक्षा म्हणून कपाळावरचा मणी गेला आणि भटकंती नशिबी आली.

टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या बोरोमिरला अंगठी हवी असते ती आपलं राज्य वाचवायला. हेतू चांगला, तरी मोह त्याला मित्रावरच हात टाकायला लावतो.

म्हणजे वस्तू वाईटपणा बाहेरून आणतेच असं नाही. आत दबलेल्या हावेला ती हत्यार देते. म्हणून खरा प्रश्न 'शक्ती किती?' हा नाही, 'हातातली शक्ती मागे घेता येते का?' हा आहे.