सशाचा डोळा पाणावला, तर दातही बघा

शेळ्या-कोंबड्यांच्या दुखण्यांवर आपण रेडिओवर पुष्कळ बोललो. आज बोलू सशांवर. मुलांच्या हट्टापायी आता बऱ्याच घरांत सशाची जोडी आलेली असते. गटाच्या बैठकीत बायका आम्हाला विचारतात, "ताई, सशाच्या डोळ्यातून सारखं पाणी येतंय, काय घालू?" आम्ही सांगतो, काय घालायचं ते नंतर, आधी पाणी का येतंय ते शोधू.

पांढऱ्या सशाचे डोळे लाल दिसतात, तो आजार नव्हे. त्याच्या डोळ्यात रंग नसतो, म्हणून आतल्या रक्ताचा लाल रंग दिसतो. आजार ओळखायचा तो सुजलेल्या पापणीवरून, चिपडांवरून, अर्धवट मिटलेल्या डोळ्यावरून. सशाचे पुढचे पायही बघा. ससा पायांनीच तोंड पुसतो. पायांच्या आतले केस चिकट झाले असतील, तर डोळा किंवा नाक वाहतंय असं समजा.

पहिलं कारण पिंजऱ्यात सापडतं. मूत साचलं की त्यातून अमोनिया वायू निघतो आणि डोळ्यांना झोंबतो. आपण उभ्याने वास घेतो, ससा मात्र जमिनीलगत बसतो. म्हणून खाली वाकून, त्याच्या नाकाच्या उंचीवर वास घ्या. आपल्याला झोंबलं, तर त्याला दिवसरात्र झोंबतंय. ओलं अंथरूण रोज काढा, पिंजरा हवेशीर ठेवा. चाऱ्यातली धूळ झटकून टाका. गवताचं कुसळही डोळ्यात जातं.

दुसरं कारण सहसा लक्षात येत नाही, ते म्हणजे दात. सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे दात तर आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर. गवत चावून चावून ते झिजतात, म्हणून मापात राहतात. आपण प्रेमाने पोळी, बिस्किट, भात, भरडा देतो. त्याने पोट भरतं, पण दात झिजत नाहीत. डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी एक बारीक नळी असते. ती वरच्या दातांच्या मुळांजवळून जाते. दात वाढले की मुळं मागे सरकतात आणि नळी दाबली जाते. मग पाणी गालावरून ओघळतं, तिथले केस झडतात, कातडी सोलवटते. अशा वेळी नुसते थेंब घालून भागत नाही. ससा घास तोंडात घेऊन टाकत असेल, हनुवटी लाळेने ओली असेल, तर दात दाखवायलाच हवेत. नेलकटरने किंवा पकडीने घरी दात कापू नका. दात उभा चिरतो.

म्हणून सशाचं मुख्य खाणं गवतच असू द्या. वाळलेलं गवत दिवसभर समोर हवं.

घरी करायचं ते एवढंच: पाणी उकळून कोमट करा, स्वच्छ सुती कापड भिजवून चिपडं हलकेच पुसा. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं कापड घ्या. मग केस कोरडे करा, हात साबणाने धुवा. मध, तूप, काजळ, कांद्याचा रस काही घालू नका. घरात कुणाचे डोळे आले तेव्हाची उरलेली बाटलीही नको. काही थेंबांत स्टेरॉइड असतं. बुबुळावर ओरखडा असेल, तर त्याने जखम भरत नाही, उलट चिघळते आणि डोळा जाऊ शकतो.

पिल्लं डोळे मिटूनच जन्मतात. साधारण दहाव्या दिवशी डोळे उघडतात. बाराव्या दिवशीही पापण्या चिकटलेल्या असतील, तर कोमट कापडाने भिजवा, ओढून उघडू नका. आत पू साठलेला असू शकतो; डॉक्टरांना दाखवा.

डोळा घट्ट मिटलाय, बुबुळावर पांढरट-निळसर डाग आहे किंवा डोळा बाहेर आलाय, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. अर्धा दिवस ससा खात नसेल, लेंड्या थांबल्या असतील, तर डोळ्याआधी जिवाचाच प्रश्न असतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. डॉक्टर डोळ्यात रंगाचा थेंब टाकून ओरखडा बघतात, बंद नळी धुऊन मोकळी करतात. गोळी मात्र शेळीची उरलेली देऊ नका. पेनिसिलिनसारखी औषधं तोंडावाटे दिली, तर सशाच्या पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो.

मैत्रिणींनो, शेळी दुखलं तर ओरडते. ससा दुखणं लपवतो, कोपऱ्यात गप्प बसतो. तेव्हा आठवड्यातून एकदा मुलांना सोबत घ्या आणि डोळे, दात, पुढचे पाय, पिंजरा, एवढं बघा. पाच मिनिटांचं काम आहे. ससा मुलांनी आणला असेल, तर ही तपासणीही त्यांनाच शिकवू या.