निवृत्त जोडप्याने एका दिवसात माधव उद्यान पाहायचं तर

निवृत्तीनंतर ‘एकदा जाऊन येऊ’ म्हणायच्या यादीत ग्वाल्हेरच्या मराठी घरांत शिवपुरी असतेच, आणि बहुतेक वेळा तीच मागे पडते. मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला, घरी दोघंच. अंतर तरी किती? जुन्या आग्रा-मुंबई रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आत. मार्च २०२५ मध्ये तिथल्या माधव राष्ट्रीय उद्यानाला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. देशातला हा ५८ वा आणि मध्य प्रदेशातला नववा. तेव्हापासून हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: “अहो, वाघ दिसेल ना?”

दिसेल असं धरून निघू नये. या जंगलातून वाघ कित्येक वर्षांपूर्वी नाहीसे झाले होते. मार्च २०२३ मध्ये राज्यातल्याच दुसऱ्या जंगलांतून वाघ आणून इथे सोडले, पुढे त्यांना पिल्लंही झाली. तरी आकडा अजून लहान आहे आणि जागा मोठी. गाभा क्षेत्र सुमारे ३७५ चौरस किलोमीटर, बफर धरलं तर साडेसोळाशेच्या घरात. रणथंभोर किंवा बांधवगड पाहून आलेल्या शेजाऱ्यांच्या गोष्टी ऐकून इथे गेलं तर परतीच्या गाडीत कुरबुर होणार. चितळ, सांबर, नीलगाय, चिंकारा आणि पाणपक्षी पाहायला जायचं, वाघ दिसलाच तर तो वरचा लाभ.

मराठी माणसाला इथे पाहण्यासारखं आणखी बरंच आहे. शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळी राजधानी. इंग्रज अमदानीत तिला सिप्री म्हणत. आजूबाजूचं रान संस्थानचं राखीव शिकारीचं, व्हाइसरॉय पाहुणे म्हणून आले की इथेच हाके निघत. म्हणजे वाघ संपवण्यात ज्या शिकारीचा वाटा होता, तिच्यामुळेच झाडं तेवढी राखली गेली. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि माधवराव शिंद्यांचं नाव लागलं. उद्यानातल्या मोठ्या तलावाला माधवरावांच्या आई सख्याराजे यांचं नाव आहे. हिंदी बोलण्यात आणि लिहिण्यात त्याचं ‘सांख्य सागर’ झालंय, त्यामुळे अनेकांना हे नाव कुठल्या तरी दर्शनशास्त्रातून आलं असं वाटतं! २०२२ मध्ये हा तलाव रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत गेला.

साठी-सत्तरीतल्या माणसांसाठी खरं तर हा तलावच सोयीचा. हिवाळ्यात उत्तरेकडून बदकं, हंस येतात. काठावर मगरी उन्हाला पडलेल्या असतात, तासभर हलत नाहीत. चालावं लागत नाही, दुर्बीण आणि बसायला जागा मिळाली की झालं. पाण्याच्या कडेला उतरून फोटो मात्र काढायचा नाही. मगर ओंडक्यासारखी दिसते ती फक्त लांबून.

दिवस कसा बसवायचा? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. फक्त डिसेंबर-जानेवारीत पहाटे या पट्ट्यात दाट धुकं असतं. पहाटे चारला निघून सकाळची फेरी गाठायचा हट्ट त्या दिवसांत सोडावा. नाश्ता करून निघायचं, दुपारची फेरी घ्यायची. हौस असेल तर आदल्या दिवशी शिवपुरीत मुक्काम, पण मग ती एका दिवसाची सहल राहत नाही. एप्रिलनंतर ही पानगळीची जंगलं, खैर, धावडा, सालई, पार उघडी पडतात. जनावर पाण्यावर येतं, दिसतं जास्त, पण त्या उन्हात उघड्या जिप्सीत तीन तास बसणं सत्तरीच्या माणसाचं काम नाही. पावसाळ्यात मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांचे गाभे साधारणपणे बंद असतात. निघण्याआधी वेळ आणि परवाना वनखात्याकडूनच पक्का करावा आणि ज्या ओळखपत्रावर नोंदणी केली तेच अस्सल बरोबर न्यावं. झेरॉक्सवर अडवलं की वाद घालून उपयोग होत नाही.

जिप्सीत जागा निवडणं ही बारीक वाटणारी पण मोठी गोष्ट. मागच्या बाकावर हादरे सगळ्यात जास्त. कंबर किंवा गुडघा दुखत असेल तर पुढच्या बाजूला बसावं, पाठीमागे एक उशी किंवा घडी घातलेली चादर ठेवावी. वर चढताना पायरी उंच असते, काकूंनी त्या दिवशी साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला तर सोपं जातं. आत फिरताना स्वच्छतागृह मिळेलच असं नाही, म्हणून फाटकावरच जाऊन यावं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर त्या दिवशी ती कधी घ्यायची हे आधी डॉक्टरांना विचारावं. परस्पर गोळी चुकवू नये. साखरेचा त्रास असणाऱ्याने खिशात काहीतरी गोड ठेवावं.

उद्यानातल्या उंचावर जॉर्ज कॅसल आहे. १९११ मध्ये पंचम जॉर्ज येणार म्हणून शिंद्यांनी हे बांधलं आणि राजा काही तिथे मुक्कामाला आला नाही, असं सांगतात. तिथून तलाव छान दिसतो. शहरात माधवराव आणि सख्याराजे यांच्या छत्र्या समोरासमोर आहेत, संगमरवरात जडावाचं काम. वेळ कमी पडला तर कॅसल सोडा, छत्र्या सोडू नका.

या जंगलाला दुसरीही बाजू आहे, ती जिप्सीतून दिसत नाही. उद्यानासाठी आतल्या सहरिया आदिवासींच्या वस्त्या हलवल्या गेल्या. ज्या भागात दगडाच्या खाणी हे मजुरीचं मोठं साधन होतं, तिथे संरक्षण कडक झालं की रोजगार आटतो. माणूस आणि वाघ समोरासमोर येऊ नयेत म्हणून सुमारे १३ किलोमीटर लांबीची दगडी भिंत बांधली आहे. पर्यटन वाढलं तर स्थानिकांना वाटाड्या, चालक म्हणून काम मिळेल, हा सरकारी युक्तिवाद. तो खरा ठरायचा तर गावातलाच वाटाड्या घेणं आणि जेवण गावातल्या खानावळीत करणं, एवढं तर पाहुण्यांच्या हातात आहे.

परतताना उजेडीच निघावं. महामार्ग उद्यानाच्या हद्दीतूनच जातो, संध्याकाळी नीलगायी रस्त्यावर येतात आणि ट्रक थांबत नाहीत. त्याआधी पंधरा मिनिटं हाताशी असतील तर शहरातल्या तात्या टोपे स्मारकापाशी गाडी थांबवता येते. येवल्यात जन्मलेल्या तात्यांना १८ एप्रिल १८५९ रोजी याच गावी फाशी दिलं होतं.