चिमटा आपल्या हाती, काळजीही आपल्याच हाती

लग्नसराईत चंद्रपूरच्या लॉनवर आणि मंगल कार्यालयांत पंगत आता क्वचितच दिसते. बुफे असतो आणि त्यात चाट, डोसा, चायनीज यांच्या रांगेत मोमोचा काउंटरही असतो. संध्याकाळी शहरातल्या गाड्यांवर थरावर थर रचलेली वाफेची भांडी दिसतात. हे लोण आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले आहे. यातल्या बऱ्याच ठिकाणी वाढणारा कुणी नसतो. झाकण उघडायचे, चिमट्याने हवे तेवढे उचलायचे, शेजारच्या बाटल्यांतून चटणी आणि सॉस ओतून घ्यायचे आणि जागा मिळेल तिथे उभे राहून खायचे.

ग्राहकाला हा प्रकार आवडतो, आणि त्याला कारणे आहेत. वाढप्याची वाट पाहावी लागत नाही, डोळ्यांसमोरचे गरम मिळते, दोन हवे असतील तर दोनच घेता येतात. पण मागाहून ऐकू येणाऱ्या तक्रारीही ठरलेल्या असतात. ‘वरून गरम, आत गारढोण’, ‘व्हेजच्या भांड्यात चिकनचा तुकडा निघाला’, ‘जीभ पोळली’, ‘रात्री उलट्या सुरू झाल्या’. या प्रत्येक तक्रारीमागे थोडे विज्ञान आहे. ते समजून घेतले तर खाणे बंद करण्याची गरज पडत नाही.

चीनचे डिम सम, तिबेटचा मोमो

डिम सम ही दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग प्रांताच्या चहाघरांची परंपरा. चहासोबत खायचे छोटे छोटे पदार्थ, बहुतेक वाफवलेले, बांबूच्या लहान टोपल्यांतून दिले जातात. आपल्याकडे लोकप्रिय झालेला मोमो हा त्याचा हिमालयातला भाऊबंद, तिबेट आणि नेपाळचा. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांबरोबर तो देशभर पसरला. आपल्या भागाला तर तो मुळीच परका नाही. गडचिरोलीच्या सीमेला लागून असलेल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे.

वाफवणे हेही आपल्याला नवे नाही. चमकोऱ्याच्या पानांच्या वड्या, डाळीचे फुणके, इडली, ढोकळा हे सगळे वाफेवरच शिजते. उकडीच्या मोदकाला घरोघरी जी खबरदारी घेतली जाते तीच मोमोलाही लागते. फरक एवढाच की मोदक घरी होतो आणि लगेच संपतो. काउंटरवरचा मोमो तासन् तास गिऱ्हाइकाची वाट पाहतो.

वाफ इतकी प्रभावी का

एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला शंभर कॅलरी उष्णता लागते. पण त्याच शंभर अंशांवरच्या एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. ही उष्णता वाफेत लपून राहते. थंड मोमोच्या पारीवर वाफ बसली की तिचे पुन्हा पाणी होते आणि ती सगळी उष्णता पारीला मिळते. म्हणून वाफेवर पदार्थ झपाट्याने शिजतो. तेल लागत नाही, आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे उकळून फेकलेल्या पाण्याबरोबर जात नाहीत. तळलेल्या मोमोपेक्षा वाफवलेला बरा, हे आहारतज्ज्ञांचे म्हणणे इथपर्यंत रास्त आहे.

हीच लपलेली उष्णता हातावर आली तर? शंभर अंशांचे एक ग्रॅम पाणी शरीराच्या तापमानापर्यंत निवताना सुमारे ६३ कॅलरी देते. तेवढीच वाफ सहाशेच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दहापट. स्वतः झाकण उघडणाऱ्या ग्राहकाने, विशेषतः मुलांना घेऊन उभे असताना, झाकणाची पलीकडची कड आधी उचलावी, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही. भाजलेच तर तो भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नये.

चंद्रपूरचा उन्हाळा आणि जंतूंचे सोयीचे तापमान

अन्नसुरक्षेचा जगभर मानला जाणारा नियम सोपा आहे. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवा, थंड अन्न ५ अंशांच्या खाली. मधला पट्टा जंतूंचा. अनुकूल स्थितीत अनेक जंतूंची संख्या साधारण वीस मिनिटांत दुप्पट होते. सुरुवातीला हजार असतील तर तीन तासांत ते पाच लाखांवर जातात. चव, वास, रंग यांत काहीही फरक पडत नाही.

इथे चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा महत्त्वाचा ठरतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे या भागाला नवे नाही. अशा दुपारी मंडपात ठेवलेले अन्न ‘थंड झाले’ असे आपण म्हणतो तेव्हा ते खरे तर चाळीस-पंचेचाळीस अंशांवरच असते. थंडीच्या दिवसांत हेच अन्न २०-२५ अंशांपर्यंत उतरते आणि जंतूंची वाढ मंदावते. उन्हाळ्यात तो दिलासा मिळत नाही.

‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स’ नावाच्या जंतूला तर ४३ ते ४७ अंश हेच सर्वांत मानवणारे तापमान. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. मोठ्या पातेल्यात सकाळी शिजवून ठेवलेले चिकनचे सारण हळूहळू निवते तेव्हा ते जागे होतात. खाल्ल्यानंतर सहा ते चोवीस तासांत पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात.

‘स्टॅफिलोकोकस ऑरियस’ हा दुसरा जंतू माणसाच्या नाकात, त्वचेवर, हातावरच्या पिकलेल्या जखमेत असतो. मोमोला चुण्या घालायचे काम हातानेच होते. हा जंतू अन्नात विष तयार करतो आणि ते विष पुन्हा वाफवल्याने नष्ट होत नाही. साधारण अर्ध्या तासापासून आठ तासांत उलट्या सुरू होतात. शिळ्या भातात आणि नूडल्समध्ये वाढणाऱ्या ‘बॅसिलस सिरियस’चेही तसेच. म्हणून ‘परत एकदा वाफ दिली की झाले’ हा समज धोक्याचा आहे. ताज्या पदार्थाला वाफ पुरेशी असते. तासन् तास कोमट पडून राहिलेल्या पदार्थाला ती वाचवू शकत नाही.

थरांचे भांडे कसे पाहावे

कच्चे किंवा गोठवलेले मोमो नुकतेच वरच्या थरात ठेवले असतील आणि खालच्या थरातले तयार मोमो आपण उचलत असू, तर दोन गोष्टी घडतात. वरच्या थरात निवलेल्या वाफेचे पाणी, चिकनच्या रसासह, खाली ठिबकते. शाकाहारी माणसाला ते चालणार नाही हे उघड आहे, पण ज्याला अंड्याची किंवा अन्य कशाची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी तो तब्येतीचाही प्रश्न आहे. दुसरे म्हणजे दर मिनिटाला कुणी तरी झाकण उघडले की भांड्यातली वाफ निघून जाते आणि वरचा थर अर्धाकच्चा राहतो.

खात्री करण्याचा उपाय साधा आहे. पहिला मोमो चमच्याने मधोमध फोडून बघा. आतून वाफ यायला हवी, चिकनचा रंग गुलाबी नको. आतले सारण गार किंवा कच्चे वाटले तर ताट परत करण्यात संकोच नको.

फोडून खाण्याचा आणखी एक फायदा आहे. पारी निवली तरी आतला रस बराच वेळ कढत राहतो. शिवाय मोमो गुळगुळीत असतो, घाईत न चावता घशाखाली उतरतो. दिल्लीच्या एम्समध्ये २०२२ साली एका मृत्यूच्या तपासणीत श्वासनलिकेच्या तोंडाशी अख्खा मोमो अडकलेला आढळला आणि डॉक्टरांनी नीट चावून खाण्याचा इशारा दिला. लहान मुले आणि कवळी वापरणारे आजी-आजोबा यांना तो तुकडे करूनच द्यावा.

खरा धोका बाटलीत

ऑक्टोबर २०२४ मध्ये हैदराबादेत रस्त्यावरचे मोमो खाऊन अनेक जण आजारी पडले आणि एका महिलेचा मृत्यू झाला. त्यानंतर तेलंगण सरकारने कच्च्या अंड्यापासून केलेल्या मेयोनेजवर वर्षभरासाठी बंदी घातली. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूनेही तसाच निर्णय घेतला. तेलंगण आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या शेजारी आहे आणि खाण्याच्या सवयी सीमा पाळत नाहीत.

कारण समजायला सोपे आहे. मोमो निदान वाफेतून तरी जातो. मेयोनेज कुठल्याच आचेवरून जात नाही. कच्च्या अंड्यातला ‘साल्मोनेला’ त्यात तसाच राहतो आणि बाटली दिवसभर उन्हात उभी असते. काल उरलेल्यावरच आजचे ओतले जात असेल तर बाटली कधीच नवी होत नाही. लाल चटणी, कच्च्या कोबीची कोशिंबीर यांचेही तसेच. ती कोणत्या पाण्याने धुतली हे आपल्याला दिसत नाही. थंड पेटीत न ठेवलेले मेयोनेज उन्हाळ्यात सरळ टाळावे.

मीठ किती घेतले?

वाढणारा माणूस चमचाभर चटणी घालतो. स्वतः घेताना आपण वाटी भरतो. एक मोठा चमचा सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सव्वादोन ग्रॅमच्या आसपास मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी सांगितलेली दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमपेक्षा कमी आहे. एका चमच्यात तिचा जवळजवळ निम्मा वाटा संपतो. सारणातले, चटणीतले आणि सूपमधले मीठ वेगळेच.

पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार, असे आपण समजतो. गडचिरोलीतील डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंची कारणे तपासली. सर्वांत मोठे कारण निघाले पक्षाघात, सुमारे १४ टक्के. ही माणसे मोमो खाऊन गेली नाहीत, हे उघड आहे. पण पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण उच्च रक्तदाब आणि रक्तदाब वाढवणाऱ्या गोष्टींत मीठ पुढे. लोणचे, पापड, वाळवलेली मासळी, फरसाण यांतून आधीच भरपूर मीठ खाणाऱ्या घरांत आता सॉसच्या बाटलीची भर पडते आहे. ज्यांना रक्तदाबाची गोळी सुरू आहे त्यांनी सॉस ओतून न घेता मोमोचे टोक त्यात बुडवून खावे. मीठ बरेच कमी जाते आणि चवही राहते.

जाता जाता दोन समजांविषयी. अजिनोमोटोने डोके दुखते, ही भीती १९६८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रातून जगभर गेली. पुढे काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात तसा परिणाम सातत्याने दिसला नाही. मात्र त्यातही सोडियम असतेच. दुसरा समज, मैदा आतड्याला चिकटून बसतो. तो चिकटत नाही, उलट लवकर पचतो. अडचण तिथेच आहे. तंतू जवळजवळ नसल्याने रक्तातील साखर झटकन वाढते. मधुमेहींनी संख्येवर लक्ष ठेवावे आणि भाजीचे किंवा पनीरचे भरपूर सारण असलेला मोमो निवडावा.

त्रास झालाच तर

उलट्या-जुलाब सुरू झाल्यावर पहिली गरज पाण्याची आणि क्षारांची असते. उन्हाळ्यात घामातून आधीच पाणी गेलेले असते, म्हणून इथे उशीर परवडत नाही. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे. ताप किंवा शौचात रक्त असताना जुलाब थांबवणारी गोळी मनाने घेऊ नये. लघवी कमी होणे, गुंगी, पाणीही पोटात न टिकणे, शौचात रक्त, तसेच लहान मूल, गरोदर स्त्री किंवा वृद्ध आजारी असणे, यांपैकी काहीही असेल तर थेट दवाखाना गाठावा. कुठे, काय आणि किती वाजता खाल्ले हे डॉक्टरांना सांगावे, कारण त्रास सुरू व्हायला लागलेल्या वेळेवरून जंतूचा अंदाज येतो. एकाच ठिकाणी जेवलेले अनेक जण आजारी पडले असतील तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाला कळवावे. त्याने पुढचे आजार टळतात.

काउंटरसमोर उभे राहिल्यावर

• अन्नसुरक्षा नोंदणीचा किंवा परवान्याचा १४ अंकी क्रमांक लावलेला आहे का ते पाहा. छोट्या गाडीलाही नोंदणी लागते.
• भांड्याखाली आच सुरू असावी. आच बंद आणि झाकण उघडे असेल तर पुढच्या घाण्याची वाट पाहा.
• व्हेज आणि नॉनव्हेजला वेगळी भांडी, वेगळे चिमटे हवेत. एकच चिमटा असेल तर दुसरा मागा.
• उष्ट्या ताटाला चिमटा टेकवू नका. दुसऱ्यांदा घेताना नवे ताट घ्या.
• चिमटा शंभर हातांतून गेलेला असतो. म्हणून ताट भरल्यानंतर, खाण्याआधी हात धुवा.
• लग्नात पहिल्या तासात खा. तीन तास पडून राहिलेले डब्यात भरून घरी नेऊ नका.
• यजमान तुम्हीच असाल तर केटररला आधीच सांगा: सारण दोन टप्प्यांत करायचे, मोमो थोडे थोडे वाफवायचे, मेयोनेज बर्फावर ठेवायचे किंवा ठेवायचेच नाही.