आधी टेबलाखाली वाकून बघा

घरून काम सुरू झालं तेव्हा कितीतरी घरांत मॉनिटरखाली पहिल्यांदा गेला तो जेवणाचा पाट. कुणी शब्दकोश ठेवला, कुणी कागदाचं रिम. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय वर्षानुवर्षं तशीच राहते. मग एक दिवस मान धरते आणि प्रश्न उभा राहतो: चांगला स्टँड घ्यावा की टेबलाच्या कडेला बसणारा आर्म?

उत्तर बहुतेक जण मॉनिटरकडे बघून शोधतात. खरं तर निम्मं उत्तर टेबलाकडे असतं.

त्याआधी उंचीचं बघू. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी आणि पडदा साधारण हातभर लांब. माणसाचं डोकं जवळपास ५ किलोंचं. ते तासन्‌तास पुढे झुकलं, की सगळा भार मानेच्या स्नायूंवर येतो. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्यांचं गणित मात्र वेगळं. जवळचं बघण्याची जागा त्यांच्या काचेत खालच्या बाजूला असते. पडदा उंच झाला की त्यांना हनुवटी वर करून वाचावं लागतं. त्यांना पडदा खालीच सोयीचा. मुलं आई-वडिलांसाठी मोठ्या हौसेने उंच स्टँड आणतात, तेव्हा नेमकं हेच निसटतं.

५०० कागदांचं रिम साधारण ५ सेंटिमीटर जाड असतं. उंची अजमावायला एक किंवा दोन रिमं मॉनिटरखाली ठेवून आठवडाभर काम करावं. एकच उंची मानवत असेल आणि टेबलावर जागा असेल, तर साधा लाकडी स्टँड पुरतो. आर्मवर पैसे घालायची गरज नाही.

आर्म हवा तो एकाच टेबलावर उंच नवरा आणि ठेंगणी बायको आळीपाळीने बसतात तिथे, टेबल इतकं अरुंद असतं की मॉनिटरचा पाय कीबोर्डाला जागाच ठेवत नाही तिथे, किंवा पडदा दिवसातून अनेकदा फिरवावा लागतो तिथे.

आर्मची ही तरंगती रचना तशी जुनी. मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणाऱ्या जॉर्ज कार्वर्डाइन या ब्रिटिश इंजिनियरने १९३२ मध्ये स्प्रिंगांनी वजन तोलणाऱ्या यंत्रणेचं पेटंट घेतलं आणि त्यातून अँगलपॉइज दिवा जन्मला: हलवाल तिथे थांबणारा. आजच्या आर्ममध्ये तेच काम धातूची किंवा गॅसची स्प्रिंग करते. म्हणून त्यांना वजनाची कमाल मर्यादा असते, तशी किमानही. एर्गोट्रॉनचा एलएक्स आर्म ३.२ ते ११.३ किलोंसाठी आहे. किमान मर्यादेपेक्षा हलका मॉनिटर आपोआप वर सरकत जातो. वजन बघायचं तेही पायाशिवायचं.

मॉनिटरच्या पाठीवर चौकोनात चार भोकं हवीत. त्यांच्यातलं अंतर ७५ किंवा १०० मिलिमीटर. हेच वेसा माप. ही भोकं असतीलच असं गृहीत धरू नये. ॲपलच्या २०१९च्या प्रो डिस्प्लेचा स्टँड वेगळा ९९९ डॉलरला होता आणि वेसाची जोडणी १९९ डॉलरला. २०२२च्या स्टुडिओ डिस्प्लेत तर स्टँड की वेसा, हे खरेदीच्या वेळीच ठरवावं लागत होतं.

आता टेबल. पुढे ताणलेल्या आर्मचा आणि मॉनिटरचा सगळा ताण टेबलाची कड धरणाऱ्या क्लॅम्पच्या तळहाताएवढ्या पकडीवर येतो. जाड प्लायवूड किंवा सागवान तो सोसतं. भुश्याच्या पार्टिकल बोर्डचा पृष्ठभाग दबतो, कड भुगा होऊन सुटते. तिथे वर-खाली लोखंडी पट्ट्या घालणं शहाणपणाचं. काचेच्या टेबलाला क्लॅम्प लावूच नये. मागच्या कडेखाली आडवी पट्टी किंवा खण असेल तर पकड बसतच नाही. ते वाकून बघितल्याशिवाय कळत नाही. टेबल भिंतीला टेकलेलं असेल, तर पडदा मागे ढकलताना आर्मचं कोपर भिंतीवर आपटतं. मग टेबल वीतभर पुढे ओढावं लागतं आणि लहान खोलीत तीच वीत महाग पडते.

आर्म बसवताना मॉनिटर चढवण्याआधी आर्मला दुमडून ठेवणारं बंधन सोडू नये. मोकळी गॅस स्प्रिंग जोरात उसळते. मॉनिटर लागल्यावर ॲलन कीने ताण थोडा थोडा कमी-जास्त करावा आणि दर वेळी हात सोडून बघावं: पडदा वर चढतोय, खाली झुकतोय की जागीच राहतोय. कंपनीचा मूळ पाय, स्क्रूंच्या पुडीसकट, माळ्यावर जपून ठेवावा. भाड्याचं पुढचं घर काचेच्या टेबलासकट मिळालं, तर तोच लागेल.