दोन विटांचा ओटा

अकोल्यात डाळ मिल विचारली की लोक एमआयडीसीकडे बोट दाखवतात. मी गेलो ते मूर्तिजापूरच्या अलीकडच्या एका गावात. तूर पिकवणाऱ्या घरानं तूर विकावी आणि किराण्यातून डाळ आणावी, हे बरेच दिवस खटकत होतं. या गावात बायकांच्या बचत गटानं ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ घेतली आहे. आखणी पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची, बनावट एका खासगी कारखान्याची.

टिनाच्या शेडमध्ये शिरताच तेल चोळलेल्या तुरीचा कच्चट वास आणि भुशाचा खकाणा. नाकाला स्कार्फ बांधलेल्या ताईंनी आधी हिशेबच सांगितला: “क्विंटलामांगं 72 किलो डाळ.” तूर चाळायची, एमरीच्या रोलरवर ओरखडायची, तेल लावून वाळवायची, पाण्याचा हात देऊन रात्रभर ढीग ठेवायचा, मग दुसऱ्या फेरीत डाळ. साल डाळीला डिंकासारख्या थरानं चिकटलेली असते. घाई केली की दाणाच फुटतो आणि 72 चा आकडा खाली येतो.

मला खरी हुशारी दिसली ती मोटरीत. 2 अश्वशक्तीची, सिंगल फेजवर चालणारी. थ्री फेज लागली असती तर ही मशीन गोणपाटाखाली पडून राहिली असती. “डीपीची वाट पाहाची त डाळ कवा कराची?” ताई म्हणाल्या. आखणाऱ्यानं कागदावर रेघ ओढण्याआधी गावातला विजेचा खांब पाहिला असणार.

स्टँड बनवणाऱ्यानं मात्र बायकांची उंची पाहिलेली नाही. टोपलं ओतताना हात खांद्यावर जातात, म्हणून गटानं मशीनपुढं दोन विटांचा ओटा बांधला. पुढं गावच्या वेल्डरकडून हॉपरला पत्र्याची उतरती कडही लावून घेतली. नकाशात नसलेले हे दोन भाग मला त्या यंत्राचेच वाटतात. आखणारा अभियंता, कारखान्यातला फिटर, वेल्डर आणि ओट्यावरची बाई कधी एकत्र बसले नसावेत. बसायला हवे होते.

रोलरचा खरखरीत थर झिजला की 72 घसरतात. मग रोलर खोलून अकोल्याला न्यायचा, तोही ऐन सीझनमध्ये. बनवणाऱ्याला काय सांगू, विचारलं.

“बंदे नटबोल्ट एकाच मापाचे ठेवा म्हना, भाऊ. ट्रॅक्टरचा पाना घरी हाये, त्याच्यानंच निंगले पाय्जे.”