वारसाच्या रकान्यात कोणाचे नाव?

मी कामगार चळवळीतला माणूस. बोनस आणि महागाई भत्ता यांवर मी बोलेन अशी आपली अपेक्षा असेल. आजचा विषयही मला एका कामगाराच्या फॉर्मवरूनच सुचला आहे.

काही महिन्यांपूर्वी पंचविशीचा एक फिटर युनियनच्या कचेरीत आला. सगळे गेल्यावर त्याने ग्रॅच्युइटीच्या नामनिर्देशनाचा फॉर्म पुढे केला आणि विचारले, "काका, इथे माझ्या मित्राचे नाव घातले तर चालेल काय?" मी म्हटले, "मित्राचे कशाला? आई आहे ना तुझ्याजवळ?" तो खाली मान घालून म्हणाला, "आम्ही दोघे चार वर्षे एकत्र राहतो. तुम्ही आणि काकू राहता तसे."

मी चष्मा पुसला आणि त्याला वकिलाकडे जायला सांगितले. तीस वर्षांत कोणत्याही कामगाराला मी असे वाटेला लावले नव्हते. त्या रात्री झोप लागेना, म्हणून कायदा वाचायला घेतला. वाचले ते आपल्यापुढे ठेवतो.

१८६० च्या दंडविधानातील ३७७ व्या कलमाने समलिंगी संबंध हा गुन्हा ठरत होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने प्रौढांच्या संमतीचे खाजगी संबंध त्यातून मोकळे केले. पण निर्दोष म्हणून सोडून दिलेला माणूस आणि घरचा म्हणून पाटावर बसवलेला माणूस, यांत अंतर असते. ते अंतर अजून उरले आहे.

कारण कायद्याच्या दृष्टीने लग्न म्हणजे नात्याचा दाखला होय. ग्रॅच्युइटीचा नियमच घ्या. कामगाराला कुटुंब असेल तर कुटुंबाबाहेरच्या माणसाचे नामनिर्देशन रद्द ठरते. आणि कुटुंब म्हणजे पती किंवा पत्नी, मुले, अवलंबून असलेले आईबाप वगैरे. आमच्या फिटरची आई त्याच्यावर अवलंबून आहे. म्हणून मित्राचे नाव तिथे बसत नाही. पती-पत्नीला न मागता मिळणारा वारसा या दोघांना मिळत नाही.

हा दाखला मागण्यासाठी काही जोडपी न्यायालयात गेली. १९५४ चा विशेष विवाह कायदा धर्म न सोडता दोन धर्मांच्या वधूवरांना लग्न करता यावे म्हणून झाला; त्याच दारातून आम्हांलाही आत घ्या, असे त्यांचे म्हणणे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने सांगितले की, लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि कायदा बदलणे हे संसदेचे काम आहे. त्यानंतर २०२४ साली सरकारने खुलासा केला की, अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खाते उघडता येईल, एकमेकांना नॉमिनी करता येईल आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच घरातील मानावे. हे चांगलेच झाले. परंतु सानुग्रह रक्कम आणि कराराने मिळणारी रक्कम यांतला फरक कामगाराला शिकवावा लागत नाही. परिपत्रकाने दिलेले परिपत्रकाने काढूनही घेता येते.

"ही पाश्चात्त्यांची थेरे," असे कोणी म्हणेल. त्यांनी आपलाच इतिहास पाहावा. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाने वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली, त्यांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली कर्व्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, पण मराठी माणूस हा प्रश्न विचारत होता, याची नोंद राहिली.

"पण यात युनियनचा काय संबंध?" याचे उत्तर इंग्लंडात मिळते. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात लंडनच्या समलिंगी स्त्रीपुरुषांनी डबे फिरवून दक्षिण वेल्समधील संपकरी कुटुंबांसाठी पैसा जमवला. १९८५ साली ते खाणकामगार आपले झेंडे घेऊन लंडनमध्ये त्यांच्या मोर्चात चालले. एकजूट म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीच्या वेळी उभे राहणे, हे मी आजवर भाषणांत सांगत आलो आणि माझ्या कचेरीत वेळ आली तेव्हा चष्मा पुसत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बोलावून घेतले. "तुला नेमके काय हवे?" असे विचारले. तो म्हणाला, "वरात नको, काका. मी इस्पितळात असलो तर त्याला बाहेर उभे करू नये. मी मेलो तर त्याला खोलीतून काढू नये. एवढे कायद्याने व्हावे." पगारवाढीच्या मागणीपेक्षा ही मागणी लहान आहे की मोठी, हे आपणच ठरवा.

बँकेत त्याने मित्राला नॉमिनी केले. मृत्युपत्राचा मसुदा आम्ही दोघांनी बसून केला. युनियनच्या नव्या मागणीपत्रकात, औषधोपचाराच्या योजनेत कामगाराने सांगितलेल्या सोबत्याचा समावेश व्हावा, असे एक कलम आहे. ते अजून मंजूर झालेले नाही. ग्रॅच्युइटीच्या फॉर्मवर मात्र त्याला आईचेच नाव लिहावे लागले. लिहिताना तो म्हणाला, "आईचे नाव लिहायला दुःख नाही, काका. फक्त खाली आणखी एक ओळ हवी होती."

त्या एका ओळीसाठी कायदा बदलायचा आहे. तो संसदेत बदलेल. पण त्याची सुरुवात आपल्यासारख्यांच्या घरांत आणि कचेऱ्यांतच व्हावी लागेल.